वीस मिनिटांची पोटदुखी

रसायनीच्या ज्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं नर्स होते, तिथल्या प्रथमोपचार खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या. ही हकिगत त्या खाटांची आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतात आणि तो बंद व्हावा अशी माझी इच्छा नाही.

कारखान्यातली नर्स नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "तिथे सगळी धडधाकट माणसं, मग तू दिवसभर करतेस तरी काय?" असं त्या विचारायच्या. प्रश्न वाजवी होता. रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात एक खोली ठेवावीच लागते. तिच्यात डोळे धुवायचा नळ, ऑक्सिजनचं नळकांडं, भाजल्यावर लावायचं मलम, स्ट्रेचर, दोन खाटा आणि एक नर्स एवढ्या वस्तू असतात. यातलं बरंचसं वापरायची वेळ येऊ नये म्हणून आम्हाला पगार मिळतो. मधल्या काळात कुणाच्या बोटात पत्रा गेलेला असतो, कुणाला साखर तपासून हवी असते, कुणाला नुसतंच बोलायचं असतं. डॉक्टर पनवेलहून आठवड्यातून दोनदा यायचे. माझं रजिस्टर पुढे ओढायचे, प्रत्येक पानावर सही करायचे, चहा प्यायचे आणि जायचे. सही करताना त्यांचं लक्ष चहाकडे असायचं. याचा मला पुष्कळ वर्षं फायदा झाला आणि नंतर तितकाच तोटा.

मी राहते दहिवलीला. सकाळी साडेसातला कंपनीची बस यायची. मी चढायची तेव्हा निम्मी बस तोंड उघडं टाकून झोपलेली असायची, आणि पुढे चौक गावाला चढणारी माणसं बसायच्या आधीच डोळे मिटायची. बसमध्ये कोण किती गाढ झोपलंय, यावरून आज माझ्याकडे कोण येणार याचा अंदाज मला यायचा. आमचे बहुतेक कामगार कर्जत-खालापूरच्या खेड्यांतले, म्हणजे घरी भाताची शेती असलेले. लावणीच्या दिवसांत पहिल्या पाळीचा माणूस घरी जाऊन चिखलात उतरायचा आणि दुसऱ्या पाळीचा माणूस चिखलातून निघून कारखान्यात यायचा. हातपाय धुतलेले असायचे, पण कानामागे थोडा चिखल राहिलेला असायचा. तोही मी बघून ठेवायची.

माझ्या नोकरीला दुसरं वर्ष चालू होतं तेव्हाची गोष्ट. वाफेच्या लाइनवर बाळाराम भोईर नावाचा कामगार होता. दुपारी दुसऱ्या पाळीला आला आणि तासाभरात माझ्या दारात उभा राहिला.

"शिष्टर, जरा पडू का?"

आमच्याकडचे कामगार मला शिष्टरच म्हणायचे. मी ताप बघितला, नाडी बघितली, रक्तदाब बघितला. सगळं उत्तम होतं, माझ्यापेक्षा उत्तम. मी म्हटलं, "बाळारामदादा, तुम्हाला काहीच झालेलं नाही."

"झालेलं नाय काय. पन बैलाला सोमवार असतो, शिष्टर. आमाला त्यो बी नाय."

आमच्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत. कितीही घाई असो, पाऊस डोक्यावर असो, बैल त्या दिवशी गोठ्यात उभा राहून चरत असतो. मला ते वाक्य फार गमतीचं वाटलं. मी हसले, आणि हसत हसतच त्याला परत कामावर पाठवलं. तासाभरात त्याला स्ट्रेचरवरून आणलं. डावीकडचा व्हॉल्व्ह उघडायचा तर त्याने उजवीकडचा उघडला होता आणि उकळतं पाणी पायावर घेतलं होतं. घोट्यापर्यंत पाय भाजला. मी पट्टी बांधत होते आणि तो मलाच समजावत होता, "चूक माझीच हाय, शिष्टर. तुमी कशाला रडता?" दोन महिने तो घरी होता. त्याच्या त्या 'चूक माझीच'चा मला आजही राग येतो, कारण चूक त्याची नव्हती आणि हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

त्यानंतर मी ठरवलं की जो 'पडू का' म्हणेल त्याला पडू द्यायचं. नियम चारच ठेवले. बूट बाहेर, हातातल्या वस्तू, आणि पुढे मोबाइल आले तेव्हा तेही, माझ्या टेबलावर, तोंड बंद आणि वीस मिनिटं झाली की उठायचं. झोप लागलीच पाहिजे असं नाही, पण छताकडे बघत आडवं पडायचं. वीस मिनिटांनी मी खाटेच्या दांड्यावर कात्री वाजवायची आणि माणूस उठून चेहऱ्यावर पाणी मारून जायचा. बाकी औषध काही नाही.

अडचण रजिस्टरची होती. खाटेवर जो पडेल त्याची नोंद झालीच पाहिजे आणि नोंदीत 'तक्रार' नावाचा रकाना. पहिल्यांदा मी प्रामाणिकपणे 'थकवा' लिहिलं. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा अधिकारी आले आणि म्हणाले, "सिस्टर, थकवा हा काही आजार नाही. आजार लिहा." मग मी 'चक्कर' लिहिलं. रसायनांच्या कारखान्यात 'चक्कर' हा शब्द लिहायचा नसतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. वायू गळतोय अशी बोंब झाली, भोंगा वाजला, अख्खा प्लांट बाहेर मैदानात उभा राहिला आणि ज्याच्यासाठी लिहिलं होतं तो खाटेवर घोरत राहिला. डोकेदुखीचंही तेच, डोळे चुरचुरणं तर विचारूच नका. कंबरदुखी लिहिली तर वजन कोणी उचलायला लावलं याची चौकशी. विचार करकरून मला एकच तक्रार अशी सापडली की जिच्यामागे कुणी धावत येत नाही. पोटदुखी. माणसाचं पोट दुखलं तर त्याने काल घरी काहीतरी खाल्लं असेल, असं समजून सगळे गप्प बसतात.

मग पुढची पुष्कळ वर्षं मी सुंदर अक्षरात पोटदुखी लिहीत गेले आणि डॉक्टर सही करत गेले.

माझ्या गिऱ्हाइकांवर एक वेगळा लेख होईल. क्रेनवरचा रघुनाथ पाठ टेकल्याबरोबर झोपायचा आणि असा घोरायचा की शेजारच्या स्टोअरमधला माणूस एकदा 'कंप्रेसर कुणी चालू ठेवलाय' म्हणून विचारायला आला. काही नुसतेच आळशी असायचे, ते मला लगेच ओळखू यायचे. खरा दमलेला माणूस पंखा चालू आहे की बंद हे बघत नाही. लबाड माणूस आधी पंख्याचा वेग वाढवायला सांगतो, मग उशी उंच करून मागतो. त्याला मी आंबट तोंड होईल असं औषध पाजून परत पाठवायची.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे संगणक विभागातली अपूर्वा. हुशार मुलगी, पुण्याहून आलेली, एका वेळी तीन कामं करणारी. एक दिवस तिचे हात थरथरत होते म्हणून तिच्या मैत्रिणींनी तिला धरून आणलं. मी तिला आडवं केलं. दोन मिनिटांनी पडद्यामागून आवाज आला, "सिस्टर, मी आता नेमकं काय करायचं?"

"काही नाही करायचं."

"म्हणजे श्वासावर वगैरे लक्ष द्यायचं का?"

"नको. तो आपोआप चालतो."

थोड्या वेळाने पुन्हा, "सिस्टर, याचा फरक साधारण किती दिवसांत दिसतो?"

मी तिला म्हटलं, तू आता एक अक्षर बोललीस तर फरक लगेच दिसेल. चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा झोपली. उठल्यावर घाबरून तिने विचारलं, "माझं काही राहिलं का?"

मी स्वतः त्या खाटांवर कधी पडले नाही. मला कशाला लागतंय, असं मला वाटायचं. चादरी बदलायच्या, औषधं मोजायची, संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक, पुन्हा सकाळी डबे. दुसऱ्याला झोपवणाऱ्या माणसाला स्वतःच्या झोपेचं महत्त्व कळतं असा एक समज आहे, तो चूक आहे.

आता इक्बालभाई. कारखान्याचं कॅन्टीन ते चालवत. राहणारे चौकचे. त्यांच्या वडिलांचा जुन्या हायवेवर ढाबा होता, त्यामुळे मोठ्या पातेल्याचा हात घरातलाच. कॅन्टीनमध्ये दहा-अकरा माणसं कामाला, बहुतेक आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका. इक्बालभाईंचं वालाचं बिरडं असं असायचं की सुट्टीवर असलेली माणसं बुधवारी काहीतरी निमित्त काढून कारखान्यात यायची. ताटात कुणी डाळ ठेवली तर ते स्वतः त्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे आणि 'काय चुकलं' म्हणून विचारायचे. रोज दहा वाजता माझ्या खोलीत त्यांचा आल्याचा चहा यायचा. मी कधी मागितला नव्हता. त्यांच्या बायकोचा हात भाजला होता तेव्हा मी महिनाभर पट्ट्या बदलल्या होत्या, तेवढंच निमित्त.

माझी निवृत्ती तीनेक वर्षांवर आली तेव्हा मुंबईच्या मुख्य कचेरीने सगळी रजिस्टरं संगणकात भरायला लावली. अपूर्वानेच ती भरली, बिचारीने इमानेइतबारे. महिन्याभरात मुंबईहून आमच्या प्लांटचे प्रमुख बर्वे साहेब यांना एक आलेख आला. कंपनीचे इतर कारखाने एका बाजूला आणि आम्ही एका बाजूला. इतरांचे खांब जमिनीलगत होते, आमचा खांब कागदाबाहेर जाऊ बघत होता. लावणीत पोटदुखी वाढते, गणपतीत वाढते, लग्नसराईत वाढते, असंही त्यात रंगीत शाईने दाखवलं होतं. मुंबईच्या लोकांनी त्यावरून एकच निष्कर्ष काढला. कॅन्टीनचं अन्न.

बर्वे साहेबांनी इक्बालभाईंना बोलावलं. साहेब बोलायला मऊ होते, पण इक्बालभाई बाहेर आले ते कुणी कानाखाली वाजवल्यासारखा चेहरा करून. सरळ माझ्याकडे आले.

"शिष्टर, तुमी तर रोज बघता. माज्या जेवनानं मान्सांची पोटं दुखतात?"

तेव्हा बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी म्हटलं, "नाही हो, इक्बालभाई. होईल सगळं नीट." आणि त्यांनी पाठवलेला चहा प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून इक्बालभाईंनी कॅन्टीन सुधारायला घेतलं. आधी मिरची कमी झाली. मग तेल. मग वाल बंद झाले, कारण वाल पचायला जड. तेव्हा पहिल्या पाळीत कुजबुज झाली. मग सुकट गेली, मग वडे गेले, उसळ गेली. भांडी दोन वेळा घासायला लागली, पाण्याचे नमुने तपासायला गेले आणि निर्दोष म्हणून परत आले. शेवटी ताटात मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधी एवढंच राहिलं. रोज दुधी. बाळाराम तोवर लाइनवरचा मुकादम झाला होता. त्याने भर जेवणाच्या सुट्टीत ताट उचलून दाखवलं आणि ओरडला, "इक्बालभाई, आमी काय बाळंतीन हाय का रं?"

पोटदुखी मात्र कमी होईना, कारण माणसं दमायची थांबत नव्हती. उलट दुधीवर आठ तास उभं राहून जास्तच दमत होती. मी घाबरून तीन दिवस 'दातदुखी' लिहून बघितलं. चौथ्या दिवशी मुंबईहून विचारणा आली की दंतवैद्य पाठवू का. मी पुन्हा पोटावर आले.

खोली बंद करून सगळ्यांना परत पाठवायचं मनात आलं नाही असं नाही. पण दारात कुणी उभा राहिला की मला तो भाजलेला पाय दिसायचा. आणि खरं सांगायचं तर माझी नोकरी जाण्याची भीतीही होती. इतकी वर्षं खोट्या नोंदी करणाऱ्या नर्सला कोण ठेवेल? म्हणून मी गप्प राहिले. इक्बालभाईंचा चहा येतच होता. आता त्यात आलं नसायचं. "पोटाला बरा," असा निरोप यायचा त्याच्याबरोबर. तो पाणचट चहा गिळताना मला जे वाटायचं ते मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी पत्र आलं. महिनाअखेरीला कॅन्टीनचा ठेका संपेल, पुढे मुंबईहून बंद डब्यांतून जेवण येईल. मला हे कुणी सांगायची गरज पडली नाही. सकाळी अकराला इक्बालभाई माझ्या दारात उभे होते, दाराच्या चौकटीला धरून. रक्तदाब बघितला आणि मीच खुर्चीवर बसले.

"झोपता किती?" मी विचारलं.

"झोपतोय कुटं? तीन म्हैने झाले. पहाटेला उठून दूध सोता बघतो, भाजी सोता निवडतो, प्रत्येक पातेलं सोता चाखतो. कोनावर टाकू? चूक सापडतच नाय, शिष्टर. सापडली असती तर सुधारली असती."

मी त्यांना गोळी दिली आणि आडवं केलं. डोळे मिटता मिटता त्यांनी हात वर केला.

"एक करा. रजिस्टरात पोटदुखी लिवू नका. कॅन्टीनवाल्याचंच पोट दुखलं म्हनून हसतील लोक."

मी पेन हातात घेतलं होतं. ते खाली ठेवलं. इक्बालभाई झोपले आहेत हे बघितलं, अपूर्वाला बोलावून दाराशी बसवलं आणि कपाटातली सगळी जुनी रजिस्टरं छातीशी धरून बर्वे साहेबांच्या केबिनकडे निघाले. वाटेत दोनदा ती हातातून पडली. नेमका त्या दिवशी डॉक्टरांचा वार होता. ते केबिनमध्येच बसले होते, चहासकट.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाळारामच्या पायापासून दुधीपर्यंत.

"म्हणजे एवढ्या वर्षांत एकाचंही पोट दुखत नव्हतं?" बर्वे साहेब म्हणाले.

"काहींचं दुखत होतं, साहेब. गणपतीत. मोदक जास्त झाले होते."

साहेब डॉक्टरांकडे वळले. "आणि तुम्ही या प्रत्येक पानावर सही केली आहे."

डॉक्टरांनी बहुधा पहिल्यांदाच ते रजिस्टर उघडून वाचलं. दोन-तीन पानं चाळली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे सिस्टरांचं."

बर्वे साहेब चिडले, खूप चिडले. पण हिशेबी माणूस होते. त्यांनी विचारलं, की या झोपण्याचा उपयोग काय झाला हे तरी मी सांगू शकते का? मी म्हटलं, "साहेब, माझ्याकडे पडून गेलेल्या माणसाला त्याच दिवशी स्ट्रेचरवरून परत आणावं लागलंय, असं एकदाही झालेलं नाही. परत पाठवलेला एक आणावा लागला होता. तो आज तुमचा मुकादम आहे. त्याचा पाय बघा."

मी खोलीत परतले तेव्हा इक्बालभाई उठून खाटेच्या कडेला बसले होते. केबिनमध्ये जे सांगितलं ते सगळं त्यांनाही सांगितलं. ते ऐकत ऐकत चपला घालत होते. एक चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला.

"चार म्हैने मी मान्सांना दुधी खिलवला," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

ठेका वाचला. वाल परत आले, सुकट परत आली. ज्या दिवशी बिरडं झालं त्या दिवशी त्याचा वास माझ्या खोलीपर्यंत पोचला आणि मी दार लावून घरचा डबा खाल्ला. कॅन्टीनमध्ये जायचं मला तोंड नव्हतं. चहा बंद झाला होता. डॉक्टरांना समज मिळाली, मला मेमो मिळाला, आणि नोकरी राहिली ती निवृत्ती जवळ आल्यामुळे, असं मला सांगण्यात आलं.

खाटांचं मात्र बर्वे साहेबांनी मनावर घेतलं. सुरक्षा समितीने ठराव केला की कामगाराला गरज वाटल्यास वीस मिनिटं विश्रांती घेता येईल. अधिकृतपणे. त्यासाठी छापील अर्ज निघाला. नाव, विभाग, तक्रार, खाली बर्वे साहेबांची सही. तक्रारीच्या रकान्यात 'थकवा' लिहायला आता हरकत नव्हती. मला इतका आनंद झाला की मी खाटांना नवा रंग लावून घेतला.

पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. रघुनाथ दारावरून जाताना मान खाली घालून जायचा. नव्या रंगाच्या दोन खाटा रिकाम्या आणि मी रोज न वापरलेल्या चादरी बदलतेय. शेवटी मी बाळारामला गाठलं.

"दादा, आता तर परवानगी आहे. कुणी येत का नाही?"

"शिष्टर, पोट दुखतंय म्हनायला कोनाला लाज नाय वाटत. पन दमलो म्हनून कागद भरायचा, त्यो घिऊन सायबाफुडं उभं ऱ्हायाचं? आवो, मी बायकोला सुद्दा कदी सांगितलं नाय दमलो म्हनून."

आमच्याकडे माणूस मोडून पडेल, पण दमलो म्हणणार नाही. इतकी वर्षं मी एक खोटा शब्द लिहून त्याची ही लाज झाकत होते, हे मला तेव्हा कळलं. ज्याच्यासाठी इक्बालभाईंचा जीव टांगणीला लावला, ते शेवटी माझ्या खरं बोलण्यानेच बंद पडलं होतं. त्या दिवसांत मला रात्री झोप लागेनाशी झाली. बसमध्ये लागायची नाही ती वेगळीच.

आणखी आठवडा गेला. जेवणाची सुट्टी होती. सगळा कारखाना कॅन्टीनच्या व्हरांड्यात होता आणि माझी खोली त्याच्या बरोबर समोर. इक्बालभाई तिकडून सरळ चालत आले, महिन्याभरात पहिल्यांदा. टेबलावरच्या गठ्ठ्यातला एक अर्ज ओढला, माझंच पेन उचललं आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. मला वाटलं, त्यांना बरं नाही. मी घाईने रक्तदाबाचं यंत्र काढलं.

"ते ठेवा. माज्यासाटी नाय."

अर्ज त्यांनी माझ्यासमोर धरला. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं. नाव: शिष्टर. विभाग: शिष्टर. तक्रार: दमली.

"इक्बालभाई, मी नर्स आहे इथली. मी कशी—"

"मी खानावळवाला हाय. म्हनून मी जेवत नाय का?" त्यांचा आवाज चढला होता आणि व्हरांड्यातली माणसं बघायला लागली होती. "सकाळी दोनदा थर्मामीटर पाडलात. अपूर्वानं सांगितलं मला. मी पन असाच पातेली पाडत होतो. तेवा तुमी मला आडवं केलंत आनि माज्यासाटी सायबाकडं गेलात. आता मी जातो."

आणि ते खरोखर गेले. सगळ्यांच्या देखत अर्ज हातात घेऊन अंगण ओलांडलं, साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि सही घेऊन परत आले. मी म्हटलं, "रागावलात ना माझ्यावर?" ते म्हणाले, "लई रागावलोय. पडा आता."

अपूर्वा त्यांच्या मागोमाग आत आली होती. तिने माझा मोबाइल काढून टेबलावर ठेवला, पडदा ओढला. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खाटेवरून वर बघितलं. छताला एके ठिकाणी ओल आलेली होती, ती मला माहीतच नव्हती. दुरुस्तीला सांगायला पाहिजे, असं मनात आलं. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. घड्याळ बघून मी ताडकन उठून बसले. दीड तास. इक्बालभाई बाहेर दारात खुर्ची टाकून पाठमोरे बसले होते.

"अहो, वीस मिनिटांचा नियम आहे!"

"उटवनार होतो," ते मागे न बघता म्हणाले. "पन तुमी रघुनाथच्या वर घोरत होता. म्हनलं, लई दिसांची थकबाकी दिसते."

मी केस सारखे करत, ओशाळत बाहेर आले. भिंतीलगतच्या बाकावर तिघं बसले होते. रघुनाथ होता, पॅकिंगमधला एक कामगार होता आणि कडेला बाळाराम, भाजलेला पाय लांब करून. तिघांच्याही हातात कागद होते. बाळारामने त्याचा कागद माझ्यापुढे केला. खाली सही होती. वर तक्रारीच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: दमलो.

"तुमचं झालं असंल तर आमाला पडू द्या, शिष्टर," तो म्हणाला. "कवापासनं बसलोय."

मी आत जाऊन चादर बदलली.